आमच्या मोटारीचे अठ्ठेचाळीस आरे

गणिताच्या मास्तरानं सुतारकाम करू नये, असा नियम कुठेही लिहिलेला नाही. तो असायला हवा, हे मला निवृत्तीनंतर समजलं.

माझे सासरे एका शेठकडे ड्रायव्हर होते. शेठनं बंगला विकला तेव्हा आपली जुनी इंग्रजी मोटार त्यांना भेट दिली. वयानं शंभरीच्या आसपास, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे आणि चाकांना लाकडी आरे. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत पत्र्याच्या शेडखाली ती उभी असे. सासरे दर रविवारी तिचं इंजिन चालू करत. ते गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. (हुंडा म्हणून नव्हे, हे मी सगळ्यांना सांगतो.)

मग इमारत पुनर्विकासाला गेली. सेक्रेटरी साठे म्हणाले, "सर, पुढच्या महिनाअखेरीपर्यंत आवार मोकळं पाहिजे. भंगारवाल्याला सांगू का?"

माझ्या आधी बाल्कनीतून सासूबाईंचा आवाज आला. "भंगारात तुमची स्कूटर घाला. ह्यांची गाडी आपल्या चाकांवर जातली."

जायचं होतं ठाण्याला, मेव्हण्याच्या शेडमध्ये. चाकांची बाहेरची कडी आणि मधले लोखंडी तुंबे शाबूत होते, पण आरे वाळवीनं पोखरलेले. एक तर मी नुसता हात लावला तर हातातच आला.

"कारागीर शोधा कोणीतरी," बायको म्हणाली.

"शैला, एका चाकात बारा आरे. तीनशे साठ भागिले बारा, तीस अंश. यात कारागिराचं काय काम? हा सातवीचा भाग आहे."

भांडुपच्या एका फर्निचरवाल्याकडून जुनी मुरलेली बाभूळ आणली आणि त्याच्याच मशीनवर तीन आठवडे खपलो. अठ्ठेचाळीस आरे, प्रत्येकाचं टोक बरोब्बर तीस अंशांत. कोनमापक लावून तपासलेलं. चाकं जोडायला बसलो तर प्रत्येक आरा नुसत्या हातानं, लोण्यात सुरी जावी तसा आत. मी घरच्यांना बोलावून दाखवलं. बायको चक्क "छान झालंय हो" म्हणाली. सासूबाई मटार सोलत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं, भारावल्या असतील.

रविवारी सकाळी सगळी सोसायटी आवारात जमली. आम्ही गाडी जॅकवरून उतरवली. मी स्टेअरिंगवर, चार जण मागून ढकलायला. गाडी हलली. टाळ्या पडल्या. चाक एकदा फिरलं, मग अर्धं फिरलं, आणि पुढच्या डाव्या चाकातून काड्यापेटी उघडी पडल्यासारखा आवाज आला. आरे चारी दिशांना गेले. गाडी एका गुडघ्यावर बसली आणि बसता बसता तिनं साठ्यांच्या नव्या स्कूटरचा आरसा आणि दिवा बरोबर नेला.

साठे फुटलेला आरसा उचलत म्हणाले, "सर, माझा मुलगा तुमच्याकडेच गणित शिकला ना?"

मी मान खाली घालून आरे गोळा करत होतो. तेवढ्यात सासूबाई काठी टेकत खाली आल्या. एक आरा उचलला, टोकावरून अंगठा फिरवला.

"हातान बसले तेव्हाच माका कळला होता."

"काय कळलं होतं?"

"टिकाचे नाय ते. माझो बापूस बैलगाडीची चाकां करी. चाकावरची लोखंडी धाव तापवताना जाळ मी घाली. लाकूड सुकला की आंग चोरता. म्हणून आरो जरा जाड ठेवूचो. एकमेकांक दाबून बसले तरच वजन पेलतत."

एकतीस वर्षं मी या बाईच्या हातचं जेवत होतो. "अहो, मग बोलला का नाहीत?"

"तुमी माका विचारलास खंय? तुमी मास्तर."

दुसऱ्या दिवसापासून मी शिकाऊ झालो. पुन्हा अठ्ठेचाळीस आरे, पण या वेळी मोजमाप सासूबाईंच्या अंगठ्याचं. जाड आरे सपाट बसेनात. बाहेरची टोकं कड्यात घातली की आतली टोकं छत्रीसारखी वर उभी राहायची. सासूबाईंनी त्या छत्रीच्या शेंड्यावर स्वयंपाकघरातला पोळपाट ठेवला.

"चढा."

मी चढलो. काही झालं नाही. त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. "आजून एक माणूस होयो."

साठे दिव्याचं बिल घेऊन येत होते, त्यांनाच वर घेतलं. पोळपाटावर जागा अशी किती असणार? आम्ही दोघं एकमेकांना घट्ट मिठी मारून उभे, आणि खिडक्यांतून सगळे मोबाईल धरून.

"आता उडी मारा. बरोबर मारा, वेगवेगळी नको."

उडी मारली. खट्ट! बाराही आरे एका झटक्यात सपाट. त्या आवाजानं माझ्या अंगावर काटा आला. साठ्यांनी मिठी सोडायला जरा वेळच लावला. बिल त्यांनी पुन्हा काढलं नाही, तरी पैसे मी भरून दिले. उरलेल्या तिन्ही चाकांना ते आपणहून आले.

मग सासूबाईंनी लाटण्यानं एकेक आरा ठोकून, कान लावून ऐकला. सत्तेचाळीस पास. एक बद्द वाजला, तो पुन्हा करायला लावला. इतका कडक पेपर मी आयुष्यात तपासला नव्हता.

महिनाअखेरच्या शनिवारी आमची मोटार आपल्या चाकांवर एलबीएस रोडला लागली. मी चालवत होतो, मागे सासूबाई नऊवारीत ताठ बसलेल्या, शेजारी शैला. चेकनाक्याच्या सिग्नलला एका बाइकवाल्यानं हेल्मेटची काच वर केली.

"काका, झकास! चाकं कोणी बनवली?"

मी तोंड उघडायच्या आत मागून उत्तर आलं, "माझ्या जावयान."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा. माझी छाती अशी काही फुगली की मी स्टेअरिंग सोडून दोन्ही हातांनी लोकांना नमस्कार केला. पायही क्लचवरून सुटला. इंजिन बंद पडलं, आणि ते काही केल्या पुन्हा सुरू होईना.

शेवटी ठाण्यापर्यंत आम्हाला लोकांनी ढकलत नेलं. पण चाकं मात्र काय सुरेख फिरत होती.