सगळ्यांना मिळून एकच पांढरा

एका फोटोत लाखो ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग असतो, हे मला कळलं तेव्हा पहिला विचार आला तो जागेचा. एवढे रंग ठेवायचे कुठे? शिकलेल्या माणसाला अशा वेळी कौतुक वाटत असेल. नववीत शाळा सोडून राजापूरकडून इथे आलेल्या आणि एका खोलीत चौघांत राहणाऱ्या माणसाला आधी अडगळ दिसते.

तेव्हा मी भाईंदरात नवघरला एका गाळ्यात फोटो स्कॅन करायचो. आसपासचे स्टुडिओवाले गिऱ्हाइकांचे जुने फोटो आमच्याकडे पाठवायचे आणि मी ते काचेवर उलटे ठेवून झाकण लावायचो. यात चुकायला फारशी जागा नव्हती, म्हणून मला ते काम आवडायचं. गाळा मॅडमचा. त्या दादरहून भाईंदरला राहायला आलेल्या, आधी मोठ्या ऑफिसात होत्या. इथे त्या स्वतःची लायब्ररी लिहीत होत्या. लायब्ररी पुस्तकांची नव्हे. फोटो उजळ करणं, डाग काढणं, मागचा पडदा बदलणं अशा कामांचा तयार कोड, जो स्टुडिओवाल्यांच्या प्रोग्राममध्ये बसवायचा.

मी त्यांना प्रश्न विचारायचो. फोनवर हिंदीत व्हिडिओ बघायचो, अर्धं कळायचं, उरलेलं अर्धं मॅडमच्या डोक्यावर. शेवटी कंटाळून त्यांनी मला एक जुना लॅपटॉप दिला आणि म्हणाल्या, आता विचारू नकोस, करून बघ. त्यांचे उपकार मी कसे फेडणार ठाऊक नाही, पण त्या दिवशी मी आभार मानायचे सोडून विचारलं की हा पडला, फुटला तर पैसे कापणार का.

काही महिन्यांनी त्यांनी मला लायब्ररीतला रंगाचा भाग लिहायला दिला. ठरलं असं, की तो आधी जेसल पार्कच्या एका स्टुडिओत चालवून बघायचा. चालला तर मी कायमचा कोडच्या टेबलावर, आणि स्कॅनरवर दुसरं कुणीतरी येईल. नाही चालला तर परत स्कॅनर. मॅडम हे अगदी साधेपणाने म्हणाल्या. मी मात्र ‘परत स्कॅनर’च्या पुढचे थांबेही मनात मोजून टाकले: मग स्कॅनर बंद, मग खोली बंद, मग रातराणीने गाव, आणि आई शेजारणींना सांगतेय की तो कंप्युटरवर होता, हवा मानवली नाही.

आधीच्या कोडमध्ये रंग म्हणजे सुटे तीन आकडे होते. किती लाल, किती हिरवा, किती निळा. एकाने लाल आधी लिहावा, दुसऱ्याने निळा आधी वाचावा आणि नवरी गारठल्यासारखी दिसावी. शिवाय प्रत्येक आकडा शून्य ते दोनशे पंचावन्न एवढाच मावतो. फोटो उजळ करताना तो वर गेला तर गोल फिरून परत शून्याशी येतो आणि सगळ्यात उजळ कपाळावर काळे कण उठतात. म्हणून मॅडमना रंगाचा क्लास हवा होता. असा रंग, जो आपले तिन्ही आकडे एकत्र सांभाळेल आणि त्यांना मर्यादा ओलांडू देणार नाही.

क्लास म्हणजे काय, हे त्यांनी मला शेजारच्या गाळ्याकडे बोट दाखवून शिकवलं. तिथे दिवसभर स्टीलच्या वाट्या दाबल्या जायच्या. म्हणाल्या, तो डाय आहे ना, दाबायचा साचा, तो क्लास. त्यातून निघते ती प्रत्येक वाटी म्हणजे एक रंग. डाय एक, वाट्या पाहिजे तेवढ्या.

हे मला पटलं. मी प्रत्येक ठिपक्याला एक वाटी दिली आणि लॅपटॉप बसला. तापला, घरघरला, थिजला. लाखो वाट्या झाल्या होत्या त्या.

इथे माझं गाव जागं झालं. आमच्या वाडीत लग्नाकार्याची मोठी भांडी सामायिक असतात. भाताचं मोठं तपेलं एकच. कुणाचंही कार्य असो, तेच न्यायचं, तेच घासून परत ठेवायचं. फोटोत पांढरे ठिपके हजारो, पण पांढरा तर एकच ना? मग तो एकदाच बनवू आणि सगळ्यांना तोच देऊ. मी तसं लिहिलं. कुणी रंग मागितला की आधी बघायचं, हा आधी बनलाय का. असला तर तोच दाखवायचा. लॅपटॉप चिमणीसारखा भुर्रकन चालायला लागला. मॅडमनी वेग बघितला आणि छान म्हणाल्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

टेस्टसाठी मी माझाच फोटो वापरला, चॉकलेटी शर्टातला. पांढरा शर्ट माझ्याकडे नाही, मळतो. मागचा पांढरा पडदा निळा केला, झाला. मी तसाच्या तसा राहिलो, म्हणजे जसा आहे तसाच, आणि मला वाटलं काम फत्ते.

जेसल पार्कचे शेठ मला पाहताच “आइए इंजिनिअर साहब” म्हणाले. मी इंजिनिअर नाही हे सांगायला तोंड उघडलं आणि त्यात त्यांनी चहा दिला. दुकानात जवळच्या मुर्धा गावच्या एक आजी बसल्या होत्या, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली तसबीर घेऊन. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं, वर्षश्राद्धाला मोठा फोटो लावायचा होता. फोटो फ्लॅशने पार पांढरा पडलेला. पांढरा सदरा, पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, मागे पांढरी भिंत. आजींना मागे आभाळासारखा निळा हवा होता.

मी शेठच्या स्कॅनरवर फोटो स्कॅन केला, माउसने भिंतीची कड आखली, निळा निवडला आणि बटण दाबलं.

भिंत निळी झाली. सदराही झाला. टोपी, मिशा, हसताना दिसणारे दोन दातसुद्धा. म्हातारबुवा आभाळात विरघळले आणि मध्ये नुसता सावळा चेहरा तरंगत राहिला.

आजी पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, “जित्ता व्हता तवा कदी निला सदरा घातला न्हाय. आता बरा घातलान.”

मी बाहेर पायरीवर येऊन मॅडमना फोन लावला.

“मॅडम, सगळं निळं झालंय.”

“सगळं? की जे जे पांढरं होतं तेवढंच?”

मी काचेतून आत बघितलं. चेहरा जसाच्या तसा होता. मानेवरचा काळा दोरासुद्धा.

“पांढरं तेवढंच.”

“मग पांढरे किती बनवले होतेस?”

“एकच,” मी म्हटलं, आणि म्हणतानाच मला आमचं तपेलं आठवलं. मागे वाडीतल्या एका काकांनी मुलाच्या लग्नाला ते नेलं आणि परत देण्याआधी त्यावर स्वतःचं नाव घालून घेतलं. मग कुणाच्याही लग्नात पंगतीला वाटायचं की जेवण काकाच घालताहेत. केवढी भांडणं झाली. सामायिक भांडं वापरावं सगळ्यांनी, पण त्याला हात लावून बदलायचं कुणी नाही, हा त्यातला उरलेला अर्धा नियम. मी गावाहून येताना काटकसर तेवढी घेऊन आलो होतो. भिंतीच्या ठिपक्यांना दुसरा रंग देण्याऐवजी मी खुद्द पांढऱ्यालाच निळा करून ठेवलं होतं. तो ज्याच्या ज्याच्याकडे होता, तो निळा झाला.

मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, एकच ठेवलास ते चूक नाही, फक्त त्याला कुलूप लाव. एकदा बनलेला रंग बदलता येता कामा नये. ज्याला दुसरा हवा त्याने दुसरा मागावा. मग फोन ठेवला. मला वाटलं होतं की आता परत ये म्हणतील. तसं म्हणाल्या नाहीत, त्यामुळे मी आणखीच घाबरलो.

शेठच्या काउंटरच्या कोपऱ्यात बसून मी कुलूप लावलं. लावताच प्रोग्राम अडला आणि लाल अक्षरांत एकेक जागा दाखवायला लागला, जिथे जिथे मी बनलेल्या रंगात हात घातला होता. किती जागा त्या! उजळ करताना, डाग काढताना, सगळीकडे. प्रत्येक ठिकाणी नवा रंग मागून तो फक्त त्या ठिपक्याला द्यायचा होता. आजी तिथेच बसून होत्या. मला गाव विचारलं, आई आहे का विचारलं, आणि म्हणाल्या, “यवऱ्या लांबशी आलास, मान्सांना निला कराला?”

दुपार कलल्यावर परत बटण दाबलं. मी डोळे मिटले होते, हे शेठनी नंतर सगळ्यांना सांगितलं. उघडले तेव्हा म्हातारबुवा निळ्या आभाळापुढे पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात उभे होते आणि दोन्ही दात जागच्या जागी होते. आजींनी पदराने डोळे पुसले. मग निळ्या मिशांचाही एक फोटो मागून घेतला, नातवंडांना दाखवायला. मी त्यांच्या पाया पडलो. का पडलो, ते त्यांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गाळ्यात पोचलो आणि कुणी उठवण्याआधी आपणच उठलेलं बरं म्हणून स्कॅनरपाशी जाऊन बसलो. काच पुसली. पुसलेली परत पुसली. मॅडम आल्या.

“तिथे काय करतोयस?”

“स्कॅनिंग.”

“कुणी सांगितलं?”

मी फडकं खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, शेठचा फोन आला होता, त्यांनी लायब्ररी ठेवून घेतली. पुढे शेठचंच वाक्य त्यांच्यासारखं हेल काढून ऐकवलं, “आपका इंजिनिअर घबराता बहुत है, पर भागता नहीं.” मग पर्स टेबलावर ठेवून सांगितलं की ब्लॅक अँड व्हाइट फोटोंसाठी करड्या रंगाचा वेगळा क्लास लागणार आहे. त्यात तीन आकडे नकोत, एकच पुरे. तो मी लिहायचा, आणि कुलूप पहिल्या दिवसापासून.

मी उठलो, लॅपटॉपकडे गेलो, खुर्चीपाशी थांबलो. राहवलं नाही.

“मॅडम, म्हणजे मी आता इथेच?”

“तू हे रोज विचारणार आहेस का?”

“चालत असेल तर,” मी म्हटलं, आणि त्यांचं मत बदलायच्या आत बसून घेतलं.