चकलीचं इंग्रजी

अरविंद टिपणीसांना नेमका इंग्रजी शब्द सापडेपर्यंत घास गोड लागत नसे. वाशीच्या खाडीकाठी नव्या वसाहतीत राहायला येऊन तीन वर्षं झाली, तरी शेजाऱ्यांची नावं त्यांना धड ठाऊक नव्हती. पण साहेबाच्या पत्रात एखादं विशेषण वाकडं पडलं, की यांना चैन पडत नसे. ऑफिसात ते हेडक्लार्क होते. घरी त्यांचा हुद्दा कुणी मनावर घेत नसे.

ब्याऐंशीच्या दिवाळीआधी त्यांच्या पत्नीला, चारुलताबाईंना, सिताराम पाटलाच्या दुकानाकडून बारा डबे चकल्यांची ऑर्डर मिळाली. आयुष्यातली पहिलीच. सिताराम इथल्याच गावचा. शेती नव्या वसाहतीत गेल्यावर त्याने नव्या बाजारात दुकान टाकलं होतं. "गिऱ्हाइकाला आवडल्या तर वरीसभर एक फळी तुमची, वयनी," असं तो म्हणाला होता. त्या एका फळीसाठी बाईंनी सोऱ्या फिरवून फिरवून मनगट सुजवून घेतलं.

"लेबलावर एक इंग्रजी शब्द हवा. कुरकुरीतला काय म्हणतात हो?" त्यांनी रविवारी नवऱ्याला विचारलं, आणि तिथेच सगळं फसलं.

"शब्द दोन आहेत," अरविंदराव चष्मा पुसत म्हणाले. "क्रिस्प म्हणजे पातळ, एका फटक्यात तुटणारं. पापड, कोरी नोट. क्रंची म्हणजे जाड, दाढेखाली दोन-तीनदा वाजणारं. काकडी, चिक्की. आता चकली कशात बसवायची?"

"डब्यात," बाई म्हणाल्या आणि बहिणीकडे निघून गेल्या.

अरविंदरावांनी डबा उघडला. कानाशी धरून चकली मोडली, तर क्रिस्प. चावली, तर क्रंची. मोठाच पेच! एका डब्यावरून निष्कर्ष काढणं त्यांच्या स्वभावात बसेना, म्हणून बाराही डबे उघडले. प्रत्येकातली एकेक चकली खाऊन, मांडीवर डिक्शनरी घेऊन ते विचारात पडले आणि विचार करता करता घोरू लागले. खिडकीतून खाडीचा वारा येत होता. चार तासांनी उठून त्यांनी सुवाच्य अक्षरात बारा वेळा 'क्रिस्प' लिहिलं आणि झाकणं लावली.

सोमवारी दोघं दुकानात गेली. सितारामने एक चकली तोंडात टाकली. काही वाजलंच नाही.

"वयनी, लेबल लय झ्याक हाय," तो ओशाळून म्हणाला. "पन चकली सादळलीय."

चारुलताबाईंचे डोळे भरले. "माझंच मोहन चुकलं असेल," त्या पुटपुटल्या.

अरविंदराव गप्प बसले असते, तर कुणाला काही कळलं नसतं. चूक कुणाचीच नाही अशी पत्रं लिहिण्यात तर त्यांचा हातखंडा होता. पण बायकोचं ते सुजलेलं मनगट त्यांना दिसलं आणि फार लाज वाटली.

"डबे मी उघडे ठेवले होते. हिची काही चूक नाही," ते म्हणाले.

"खारा वारा तो, त्याला तासभर पुरं," सिताराम हसला. "परवा दुसऱ्या आना."

मंगळवारी अरविंदरावांनी रजा टाकली आणि दिवसभर स्वतः सोऱ्या फिरवला. बाई अबोला धरून तळत होत्या. पहिला घाणा निवला तशी त्यांनी तो डब्यात भरला आणि एक चकली नवऱ्यापुढे धरली.

"घ्या. काय म्हणतात हिला?"

अरविंदरावांनी आधी डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग चकली मोडली.

"कुरकुरीत," ते म्हणाले.