बेंड आप्पांचा, केसिंग आमचं

बेंडच्या फ्लँजवर एक भोक अगदी माथ्यावर होतं. मी वाकून बघितलं, मग समोर जाऊन बघितलं. भोक माथ्यावरच. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक निघायचा होता, आणि आमच्या पंपाच्या केसिंगला माथ्यावर भोकच नव्हतं. तिथं दोन भोकं होती, माथ्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर.

जरा समजावून सांगते. केसिंग म्हणजे पंपाचं बाहेरचं ओतीव अंग. त्यातून निघालेलं पाणी एका वाकड्या पाइपात जातं, तो बेंड. दोघांच्या तोंडाला जाड लोखंडी चकती असते, ती फ्लँज. चकतीला चकती लावायची, भोकांत बोल्ट घालायचे आणि आवळायचे. भोकं तेवढीच, मापही तेच, पण एकीची भोकं दुसरीच्या भोकांच्या मध्ये आली तर बोल्ट जात नाही. बेंड थोडा फिरवला तर जातो. मग त्याचं दुसरं तोंड तिरकं होतं आणि पुढची लाइन जुळत नाही.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कंपनीत प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आहे. ऑर्डर मिळाल्यापासून पंप चालू होईपर्यंत सगळ्या भागांचा मेळ घालणं हे माझं काम. फाउंड्रीला त्यांचा फोरमन असतो, मशिन शॉपला त्यांचा. माझ्या हाताखाली कुणी नाही. शॉपमधले मला ऑफिसचं माणूस समजतात आणि ऑफिसवाले शॉपमधलं. डबा मी बहुतेक वेळा टेबलावर एकटीच खाते.

काम होतं निपाणीजवळच्या एका गावाचं. वेदगंगेच्या काठाला त्यांची जॅकवेल आहे. नदीचं पाणी त्या विहिरीत येतं आणि तिथून पंप ते गावच्या टाकीत चढवतो. पंप दोन. एकाच्या केसिंगला तडा गेला होता. दुसरा तेव्हापासून विसावा न घेता चालला होता आणि त्याचं बेअरिंग तापत होतं. तो बंद पडला की गावाचं पाणी बंद. नवा पंप जोडतानाही मुख्य लाइन दिवसभर बंद ठेवायची होती. तसा दिवस ठरला, गावात दवंडी झाली, लोकांनी पाणी भरून ठेवलं.

बेंड केला होता आमच्या शेजारच्या शेडमधल्या फॅब्रिकेटरनं. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. मी भोक दाखवलं तेव्हा ते रागावले नाहीत. हातातली पट्टी खाली ठेवून म्हणाले, "गावात जुना बेंड पडलाय, त्येच्यावरनंच माप घेटलंय, मॅडम. तुमच्याच मीटिंगमधी ठरलंतं न्हवं?"

ठरलं होतं खरं. मी मशिन शॉपला गेले. फोरमननं ड्रॉइंग उघडून दाखवलं. केसिंग नेहमीच्या पद्धतीनं, ड्रॉइंगबरहुकूम झालं होतं. तडा गेलेल्या पंपाच्या कंपनीची पद्धत वेगळी असणार, ती कंपनी तर केव्हाच बंद झाली. आप्पा बरोबर होते. फोरमन बरोबर होता. बेंड आप्पांचा, केसिंग आमचं, आणि ती दोन एकमेकांना लागणार की नाही हे कुणाच्याच कामात बसत नव्हतं.

आमच्या मालकांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांचं म्हणणं, माल जाऊ दे, तिथंच फ्लँज कापून फिरवून वेल्डिंग करतील. मी सांगितलं की जॅकवेलवर वेल्डिंग केलं तर प्रेशर टेस्ट करता येणार नाही. गळती निघाली तर लाइन उघडी पडलेली असेल आणि दुसरा, चालू असलेला जुना पंप असूनही चालवता येणार नाही. इथं शेडमध्ये फ्लँज कापली, फिरवून जोडली आणि टेस्ट केली तर दोन दिवस जातील, पण गावाला तोवर निदान जुना पंप असेल.

"आणि तो त्या दोन दिवसांत बसला तर?" अण्णांनी विचारलं.

"बंद पडणार नाही असं मला सांगता येत नाही," मी म्हणाले.

"मग थांबव ट्रक. पण गावाला तूच सांग. मी न्हाय सांगणार."

गावच्या पाणीयोजनेचे इंजिनिअर हिरेमठ साहेब फोनवर आधी कन्नडमध्ये, मग मराठीत बोलले. दोन्हीचा अर्थ एकच होता. शेवटी म्हणाले, लोक मला विचारतात, तुम्हीच या. मी अनगोळातल्या घरातनं दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले आणि निपाणीची बस धरली. त्याआधी आप्पांना फोन केला होता, मग फोरमनला. दोघेही सोबत यायला मोकळे नव्हते. ते साहजिकच होतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

पंचायतीच्या कट्ट्यावर माणसं जमली होती. मी भोकांची गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि मध्येच सोडली. कुणाला ती ऐकायची नव्हती. एकानं विचारलं, कंपनीत इतकी माणसं असताना बाईमाणसाला एकटं का पाठवलं. मग पुढे बसलेल्या एक म्हाताऱ्या आक्का बोलल्या.

"भोकाचं ऱ्हाऊ दे गं. पानी कवा, त्येवढं सांग."

"शुक्रवारी," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

त्या शब्दामागे माझ्याशिवाय कुणी उभं नव्हतं.

ते दोन दिवस मी सकाळ-संध्याकाळ पंप ऑपरेटर मारुतीला फोन करत होते. तो बेअरिंगवर हात ठेवून सांगायचा, तापलंय, पण चालतंय. इकडे आप्पांनी फ्लँज फिरवली. टेस्टच्या आधी मी बेंड केसिंगवर चढवून बघायला लावलं. सगळे बोल्ट हातानं गेले. मग प्रेशर लावलं. कुठंही थेंब नाही.

शुक्रवारी नवा पंप बसवला. जुना तोवर तगला होता. मोटर चालू झाली, गेजचा काटा चढला, आणि थोड्या वेळानं टाकीवरनं फोन आला की पाणी पडतंय. हिरेमठ साहेबांनी तिथं आलेल्या अण्णांचा हात हातात घेतला. फिटर मंडळी झाडाखाली भाकरीला बसली. मी गेजचे आकडे लिहून घ्यायला परत विहिरीत उतरले. जुना पंपही जरा चालवून बघितला, त्यात वेळ गेला.

वर आले तर आवार रिकामं होतं. ट्रक गेला होता, अण्णांची गाडीही गेली होती. फोन केल्यावर कळलं. फिटरना वाटलं मी अण्णांच्या गाडीत आहे, अण्णांना वाटलं ट्रकमधून येतेय. अण्णा संकेश्वरच्याही पुढं पोचले होते. परत येतो म्हणाले. मी नको म्हणाले.

मारुतीनं मोटरसायकलवरून निपाणी स्टँडला सोडलं. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. घरी कळवावं असं कुणी नव्हतं, आई गेल्यापासून ती सवय सुटली होती. बेळगाव येईपर्यंत एकही फोन आला नाही. पंप नीट चालला होता, याचा दुसरा पुरावा नको होता.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पुढच्या ऑर्डरची फाइल टेबलावर ठेवली.

तेव्हापासून मी दोन गोष्टी करते. दोन वेगळ्या शेडमधले भाग साइटवर जाण्याआधी जमिनीवर जोडून बघते. आणि शेड्यूलमध्ये पंप चालू झाल्याच्या खाली आणखी एक ओळ घालते: कोऑर्डिनेटर कुठल्या गाडीनं परत येणार.