डावा पंख आणि काल्हेरचं शेत

विमानं मोडली की आम्ही फेकून द्यायचो. किस्से मात्र साठत गेले.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. भिवंडीत रिमोटची विमानं उडवणारे आम्ही दोघं-तिघं. गुरू म्हणजे इंजिनीअरिंग कॉलेजातले आमचे सर. त्यांना एकच ध्यास: विमान नाक वर करून इतकं हळू उडवायचं, की हवेत उभं वाटलं पाहिजे! दर वेळी वेग संपायचा, डावा पंख झुकायचा आणि विमान गिरक्या घेत चिखलात.

सर शांतपणे म्हणायचे, "थिअरी बरोबर आहे. हवा चुकली!"

*

नारपोलीच्या लूमवाल्या रशीदभाईंनी पंखांना कापड फुकट दिलं. लूमवरचं कोरं, खळीनं कडक. सर जाम खूश! सकाळच्या दवात खळ भिजली आणि पंख लोंबायला लागले.

"सरजी, ये जहाज है या गीला पजामा?" रशीदभाईंनी विचारलं.

"ओलावा सिलॅबसमध्ये नाही," सर म्हणाले.

*

उडवायला शेत काल्हेरच्या दामूशेठचं. चारी बाजूंनी गोडाऊनं, मोकळं एवढंच उरलेलं. दामूशेठ बांधावर बसून मजा बघायचे.

"सर, कॉलेजान ह्याच शिकवता?"

"हेच!"

"न पोरा पास होतान?"

"डिस्टिंक्शनमध्ये!"



*

मग दामूशेठच्या मुलीची हळद आली, त्याच शेतात. पाहुण्यांत एक गोडाऊनवाले शेठ होते, जागेसाठी कधीपासून मागे लागलेले. दामूशेठ सरांना म्हणाले, "नवरीवर विमानातून फुला टाका. माजा मान राखलाव, तं हितं गोडाऊन न्हाय. शबुद हाय!"

आम्ही थर्माकोलच्या विमानात पाकळ्यांचा डबा बसवला. मी हात जोडून सांगितलं, "सर, आज तरी सरळ उडवा!"

छे! नवरीजवळ येताच सरांनी नाक वर केलं. डब्यातल्या पाकळ्या घसरून सगळ्या शेपटाकडे गेल्या. शेपूट जड झालं, विमान क्षणभर उभं राहिलं आणि थेट गोडाऊनवाल्या शेठच्या डोक्यावर! डबा फुटला, शेठ पाकळ्यांनी न्हाऊन निघाले.

मग कुणीतरी टाळी वाजवली. लोकांना वाटलं, सत्कार! शेठ उठून हात जोडून उभे राहिले.

आता सत्काराला कारण तर हवं! अब्रू वाचवायला दामूशेठनी माइक घेतला. "ह्ये आमचं शेट! ह्या शेतान गोडाऊन बांधनार हान!"

शेत गेलं. मला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात सरांनी माझा हात घट्ट धरला.

"पाहिलंस? डावा पंख झुकलाच नाही!"