डोईला पेलेल तेवढा भारा

लग्न होऊन उंब्रजजवळच्या सासरी आले आणि थोड्याच दिवसांत नवरा पलटणीत परत गेला. लढाई चालू होती, गावातले निम्मे बापे तिकडंच. त्या सुगीत सासूबाईंबरोबर मी मालकाच्या शेतात शाळू काढायला गेले. ताटं उपटून उपटून कंबर मोडायची. बापे जेवढ्या ओळींची पात धरायचे तेवढीच आम्हीही धरायचो. मजुरी मात्र निराळी. संध्याकाळी बाप्यानं कणसांसकट भारा बांधून न्यायचा, डोईला पेलेल तेवढा. अट एकच, उचलताना दुसऱ्याचा हात लागता कामा नये. म्हणजे आपला हात जगन्नाथ! आणि बायांना मालक दोन पेंढ्या द्यायचा, त्याही निवडून बारक्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका संध्याकाळी सासूबाईंनी पेंढ्या घेतल्याच नाहीत.

"आवं मालक, काम सारखं हाय, तर आमालाबी भाराच द्या."

मालक पोट धरून हसला. "बायांना भारा पेलतोय व्हय? बांधा की! पर एकीचा जरी पडला, तर समद्या बायांच्या आजच्या पेंढ्या गेल्या."

बापेही हसले. यांच्या घरी पाणी आणि सरपण कोण वाहून आणतं, ते त्यांनी कधी मान वर करून पाहिलंच नसावं.

आम्ही बांधायला बसलो. मी हावरटासारखी पेंढीवर पेंढी रचत गेले.

"दोन काढ बये," सासूबाई पुटपुटल्या. "तुझा पडला तर समद्यांच्या चुली इझतील."

मी काढल्या नाहीत. हट्टी होते, अजूनही आहे.

भारा बांधाला टेकवायचा, गुडघे मोडून खाली डोकं घालायचं आणि उठायचं, हे आम्हाला पोरपणापासून ठाऊक. एकेक बाई उठली. माझी पाळी शेवटची. उठताना भारा एका अंगाला कलला. "गेला, गेला!" कुणी तरी ओरडलं. मी दातओठ खाऊन उभी राहिले. राहिले! इतकं हसू फुटलं, की आता हसण्यानंच तो पडतोय असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मालकानं सांगितलं, आता भारा कुणालाच नाही, बाई असो की बाप्या, दोनच पेंढ्या. बापे आमच्यावरच उखडले. "तुमच्यापायी झालं ह्ये!"

"दोन पेंढ्यांत कसं भागतंय, ते आमाला इचारा की," सासूबाई म्हणाल्या.

दुपारच्या भाकरीपर्यंत बाप्यांची तोंडं वाकडीच. मग त्यांच्यातला सगळ्यात जाणता डोकं खाजवत आला. "काकी, मालकाशी तुमीच बोला. आमी समदी तुमच्या मागं हाय."

सासूबाईंनी मालकाला सांगितलं, सगळ्यांना भारा, नाही तर काम बंद, आणि सगळ्यांनीच हात थांबवले. पिकलेल्या शाळवावर पाखरं उतरत होती, मालक किती दम धरणार? दिवस कलायच्या आत तो म्हणाला, "बांधा. समदीच भारं बांधा."

त्या संध्याकाळी भाऱ्यांची लांबच लांब रांग गावाकडं निघाली. ताटांखाली कुणाचं तोंड दिसत नव्हतं, बाई कोण आणि बाप्या कोण कळत नव्हतं. माझ्या मागून एका बाप्याचा आवाज आला, "वैनी, जरा हळू चला की." मी मुद्दाम पाय उचलला.