चकली नापास करणारं मशीन

आमच्या घरात सर्वांत कमी बोलून सर्वांत जास्त दरारा बसवला तो एका मशीनने.

सुनंदा, म्हणजे आमची सौ., अधारतालच्या घरामागच्या दोन खोल्यांत कित्येक वर्षं चकल्या करून विकते. तिच्या मदतीला काही बाया आहेत आणि शाळेतून रिटायर झालेला मी आहे (कामाला कमी, चाखायला जास्त!). पूर्वी दुकानदार चकली तोंडात टाकायचा, डोळे मिटायचा आणि माल ठेवून घ्यायचा. आता छोटी दुकानंसुद्धा मोठ्या कंपन्यांची चकचकीत पाकिटं मागतात. अशात एका सुपरमार्केटचे साहेब घरी आले. म्हणाले, "स्वाद तो है ही, दीदी. पर सब एक जैसी चाहिए. जाँच मशीन से."

म्हणून मशीन आलं. चकल्या पट्ट्यावरून चालत जाणार, मशीन त्यांना निरखणार आणि जिच्यात खोट दिसेल तिला हवेची फुंकर मारून डब्यात उडवणार. न चाखता, न हात लावता! मी तर बघतच राहिलो. साहेब दुपारी येऊन मशीनचं काम बघणार होते. ऑर्डर मिळाली तर ठीक, नाहीतर दोन्ही खोल्यांना कुलूप आणि बाया घरी.

सकाळीच मी मशीनची पूजा केली. हळद, कुंकू, झेंडूचा हार, नारळ, सगळं रीतसर. (आमच्याकडे कूलरचंही बटण पूजेशिवाय दाबत नाहीत.) मग सुनंदाने पहिलं ताट सोडलं.

फुस्स! पहिली चकली डब्यात. फुस्स! दुसरी. फुस्स, फुस्स, फुस्स! अख्खं ताट नापास. पडद्यावर लाल अक्षरं आली, 'जली हुई'.

"जळलेली? माझी चकली?" सुनंदा कडाडली. "काहून हो, डोळे फुटले का याचे?"

"अगं, मशीन खोटं कशाला बोलेल?" मी म्हणालो. "आच कमी करून पाहा."

आच कमी केली. पांढऱ्याफटक चकल्या आल्या. त्याही जळलेल्या! मला त्या मशीनबद्दल इतका आदर वाटला की मी चपला काढूनच खोलीत शिरलो. वाटलं, दोष सोऱ्या फिरवणाऱ्या हातात असेल.

"सरक, मी करतो," असं म्हणून मी आच पुन्हा पहिल्यासारखी केली आणि सोऱ्या हातात घेतला. माझ्या चकल्या कोणत्या आकाराच्या झाल्या ते विचारू नका. त्याही उडाल्या. आता मला मशीनची परीक्षा घ्यायची हुक्की आली. नामांकित कंपनीचं बिस्कीट ठेवलं. फुस्स!

"बघ! एवढी मोठी कंपनी, तीही नापास! काय कडक मशीन आहे!"

मग ग्वारीघाटाहून आणलेला प्रसादाचा पेढा ठेवला. फुस्स!

"देवाचा प्रसाद?" सुनंदाने कपाळाला हात लावला. "तुम्ही काय करून राहिले हो? साहेब येऊन राहिले तिकडे!" बायांनी हातातले झारे खाली ठेवले. मला पहिल्यांदाच खरी भीती वाटली.

हा गोंधळ ऐकून मुग्धा, आमची मुलगी, माडीवरून खाली आली. तिने मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा, टिळा कुठे लावला?"

"कपाळावर. मधोमध तो गोल काचेचा ठिपका होता ना, छान जागा होती."

"बाबा! वो कैमरा है! त्याला सगळंच लाल दिसून राहिलं!"

(मी आयुष्यभर मुलांना काय शिकवलं? विज्ञान. त्यात भिंगाचा धडा माझा विशेष आवडीचा.)

मुग्धाने ओढणीने काच पुसली आणि तेवढ्यात साहेब दारात! नवीन चकल्या तळायला वेळ नव्हता. सुनंदाने पेढा, बिस्कीट आणि पांढऱ्या चकल्या बाजूला काढल्या आणि डब्यातल्या उरलेल्या सगळ्या चकल्या पुन्हा पट्ट्यावर सोडल्या. आम्ही श्वास रोखला. एक पास. दुसरी पास. सोनेरी, गोल, काटेरी चकल्या ऐटीत पुढे चालल्या. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि खरं सांगतो, माझ्याही.

मग फुस्स! थोड्या वेळाने पुन्हा फुस्स! अधूनमधून एकेक चकली नेमकी डब्यात जात होती.

साहेबांनी त्यातली एक उचलून न्याहाळली. "दीदी, ये किसने बनाई?"

सुनंदाने मान न वळवता माझ्याकडे बोट केलं.

"मशीन एकदम सही है," साहेब खूश होऊन म्हणाले. "ऑर्डर पक्का. बस, भाईसाहब को दूर रखिएगा."

मी मशीनला मनापासून हात जोडले. लग्न झाल्यापासून सुनंदा मला जे समजावत आली, ते त्याने एका फुंकरीत समजावलं होतं!