एकच पेला

इथं अमेरिकेत माझ्या घरमालकीण मार्थाबाईंनी मला, नववीतून शाळा सोडलेल्या आचाऱ्याला, जेवायला बोलावलं. टेबलावर सफरचंदाच्या रसाचा एकच लाकडी पेला होता.

"आमचे पूर्वज इथं नवे होते तेव्हा पाहुण्यासोबत एकाच पेल्यातून प्यायचे. घे, आधी तू!"

गावच्या हॉटेलात आमच्या वस्तीची कपबशी बाहेर वळचणीला असायची; पिऊन आपणच विसळायची. माणूस कितीही लांब आला तरी ती कपबशी सोबत येतेच. कसाबसा घोट घेतला नि पेला धुवायला उठलो.

"अरे, निघालास कुठं?" म्हणत बाईंनी तो घेतला आणि न पुसताच तोंडाला लावला.

माझं उष्टं आजवर फक्त आईनं खाल्लं होतं.